लॉगिनची सामाईक मेथड

भिंगरी हे तिचं ऑफिसातलं नाव, आणि ते तिने स्वतःच्या पायांनी कमावलं होतं. बाई खुर्चीत टिकेल तर शपथ! सॉफ्टवेअर तपासणारे सहा टेस्टर, आपोआप चालणाऱ्या तीनशे ऑटोमेटेड टेस्ट, आणि प्रत्येकीत लॉगिनचा तोच तो कोड चिकटवलेला. लॉगिनचं पान जरा बदललं की सगळे दोन दिवस घाण्याला जुंपलेले. भिंगरीने महिनाभर सर्वांच्या नाकदुऱ्या काढल्या आणि लॉगिनची एकच सामाईक मेथड, म्हणजे एकदाच लिहून सगळ्यांनी वापरायचा कोड, सगळीकडे लावली. मॅनेजरबाईंची अट होती, आज निकाल नीट लागला तर मेथड राहील, नाहीतर पुन्हा ज्याचं त्याच्यापाशी.

टीममधले सर्वांत जुने आबा मात्र बधले नाहीत. "माझं मी बघतो, पोरी." त्यांच्या अकरा टेस्टमध्ये त्यांचाच कोड राहिला.

दुपारी निकाल आला. दोनशे एकोणनव्वद हिरव्या, म्हणजे पास! लाल, म्हणजे नापास, फक्त आबांच्या अकरा. भिंगरीने खुर्चीसकट गिरक्या घेतल्या. "आबा, आता तरी या आमच्यात!"

तेवढ्यात सर्व्हर सांभाळणारा दारात आला. "सॉरी हं, सर्व्हर सकाळपासून बंदच आहे. आता चालू करू का?"

सर्व्हर बंद, मग लॉगिन झालं कुठे?

भिंगरीने झटकन मेथडचा कोड उघडला. मेथड लिहिताना नेट सारखं अडखळत होतं, म्हणून तिने तात्पुरती एक ओळ घातली होती: लॉगिन नाही जमलं, तर टेस्ट गुपचूप पास करून टाक. ती काढायची राहूनच गेली होती.

"चूक माझी," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळ्यांना खोटं बोलायला मीच शिकवलं."

"मग ज्याचं त्याच्यापाशी?" बाईंनी विचारलं.

आबा खो खो हसत सुटले. "अहो बाई, दोनशे एकोणनव्वद टेस्ट चुकल्या आणि दुरुस्ती एका ओळीची! इतकी सोयीची चूक मी उभ्या जन्मात पाहिली नाही. काढ गं ती ओळ!"

तिने काढली. सर्व्हर बंद असतानाच पुन्हा चालवलं. तीनशेच्या तीनशे लाल! भिंगरी टुणकन उडाली, "सगळ्या लाल! सगळ्या खरं बोलल्या!" आणि सहाही टेस्टर टाळ्या पिटू लागले.

"अहो, पण चालू करू की नको?" दारातला बिचारा ओरडला.

चालू झाला, तशा सगळ्या हिरव्या झाल्या. बाई हसू दाबत म्हणाल्या, "राहू दे मेथड."

आबांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला अकरा ठिकाणचा कोड पुसायला घेतला.