जवळ्याच्या टिकल्या

धोंडूनं कुत्र्यांसाठी खाऊ मागितला, तेव्हा मालनच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं.

"धा-बारा टिकल्यो बांधून दी गो," तो खाकी शर्टाची बटणं लावत म्हणाला. "गेटार येतत ती. तुझीच लेकरां."

तुझीच लेकरां! लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्या चोवीस वर्षांत या माणसानं कुत्र्याला चप्पल फेकून मारली नाही असा एक आठवडा सरला नव्हता. आणि आज त्याच्या तोंडातून लेकरां? मालननं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"बघतंस काय? डबो दी."

तिनं डबा दिला. दिला काय, काठोकाठ भरून दिला, वर आणखी दोन टिकल्या पदराच्या टोकानं पुसून ठेवल्या. तो जिना उतरून गेला तरी ती दारात उभीच. गिरणीचा संप लागून दोन वर्षं उलटली होती. संप मिटला असं कुणी म्हटलं नव्हतं आणि चालू आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. त्या दोन वर्षांत धोंडूच्या तोंडून मऊ शब्द असा निघालाच नव्हता. मागच्या गल्लीतल्या नव्या सात मजली बिल्डिंगीत वॉचमनची नोकरी लागून तीन महिने झाले होते. नोकरीनं माणूस निवळला, असं तिला वाटलं. वाटून तिचं तिलाच हसू आलं.

टिकल्यांची सुरुवात झाली ती कोळणीच्या पाटीतून. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला मालनची चाळ. तिथं सुकी मासळी घेऊन येणारी सोनूबाई पाटीच्या तळाशी उरलेला जवळ्याचा चुरा झटकून टाकायची. टाकायचा तो मालननं मागून घेतला. तव्यावर खरपूस भाजला, कुटला, नाचणीच्या पिठात मिसळला, पेजेच्या पाण्यानं मळला. मीठ नाही. औषधाच्या बाटलीच्या झाकणानं गोल गोल पाडल्या त्या टिकल्या. स्टोव्हवर मोठं पातेलं, पातेल्यात चार बोटं वाळू, वाळूवर ताटली, वर झाकण, झाकणावर वरवंटा. दिवाळीत नानकटाई करायची तीच रीत. वाळू तापली की वास सुटायचा आणि चाळीतल्या बारा खोल्यांची नाकं एकदम मुरडायची.

शेजारची विमला, सातारकडची, खोलीतूनच ओरडायची, "अगं मालन, आमच्या पोरांना चहात बुडवायला अर्धं बिस्कीट मिळतं, आणि तुझी कुत्री नाश्त्याला नानकटाई खात्यात! पुढच्या जन्मी तुझ्या दारची कुत्री होते बघ मी."

"हो की. पण भुंकणं जरा कमी कर. ह्या जन्मातच शेजारी वैतागलेत."

हसत हसत मालन वाळूवरची ताटली फिरवायची आणि गळा आपोआप लागायचा,

*वाळू तापली तापली, टिकली फुगली फुगली,*
*माझ्या दारीच्या पाव्हण्या, शेपूट का गं वाकली?*

पाहुणे चार. तांब्या रंगाचा तांबू. लंगडत लंगडत सगळ्यांच्या वाटणीवर नजर ठेवणारा मुकादम. भुरी. आणि चवळी, जिच्या पांढऱ्या अंगावर चवळीच्या दाण्यांसारखे ठिपके होते. चवळी पाण्याच्या टाकीखाली व्याली होती, तिची पिल्लं जगली नव्हती. त्यानंतर ती कुणाच्याच हातचं खाईना. आठ दिवस मालन टाकीपाशी बसून राहिली तेव्हा नवव्या दिवशी तिनं मालनच्या तळहातावरची टिकली उचलली. ओठांनी. दात लागू न देता.

चौघांना बोलावायची मालनची एक हाक होती. "येवा गो येवाऽ, ऊन ऊन जेवाऽ!" होडी किनाऱ्याला लागताना घालावी तशी लांबवलेली. ती हाक ऐकली की मिठागराच्या बांधावरून चार शेपट्या हलत यायच्या.

तर धोंडू रोज डबा नेऊ लागला. मालन रोज भाजू लागली. जवळा थोडा जास्तच घालू लागली, नवऱ्याच्या हातालाही कुत्र्यांची माया लागू दे म्हणून.

मंगळवारी सकाळी ती नाचणी दळून परत येत होती. पुढच्या रस्त्याला खोदकाम होतं म्हणून मागच्या गल्लीनं, बिल्डिंगीच्या गेटावरून निघाली. कोपऱ्यावर आली आणि तिला हाक ऐकू आली.

"येवा गो येवाऽ..."

तिचीच हाक. पण पुरुषी गळ्यातून.

धोंडू गेटापाशी उकिडवा बसला होता. समोर उघडा डबा. तळहातावर टिकली. त्याच्या मागं, भिंतीच्या आडोशाला, पालिकेची कुत्री पकडायची जाळीची गाडी उभी होती, आणि जाळीच्या आत अंगाला अंग चिकटून काहीतरी हलत होतं. दोन माणसं हातात काठ्या घेऊन उभी. काठ्यांच्या टोकाला तारेचे फास.

मुकादम आणि भुरी गाडीत होतीच. तांबू आता येत होता. शेपूट हलवत. टिकली त्यानं उचलली, आणि फास गळ्यात पडला तरी शेपटीला कळायला एक क्षण उशीर झाला. ती हलतच राहिली. टिकली तोंडातच होती.

मालन कोपऱ्यावरच उभी राहिली. पिठाचा डबा हातात होता, तो पडलाही नाही. आपण तो इतका घट्ट कसा धरून ठेवला, हे तिला नंतर कितीदा तरी आठवलं आणि लाज वाटली.

गेटासमोरच्या नाल्याच्या भिंतीवर चवळी उभी होती. दोन पावलं पुढे आली, तीन मागे गेली. धोंडूनं पुन्हा हाक घातली. हाक मालनची होती, पण हात मालनचा नव्हता. चवळी वळली आणि बांधाकडे निघून गेली.

मालन घरी आली. पीठ चाळलं. कोंडा वेगळा काढला. भात लावला, तो उतरवायला विसरली. करपल्याचा वास आला म्हणून विमला आत आली. "काय झालं गं? कुणी गेलं का गावाकडं?"

मालन म्हणाली, "नाय." बस्स, तेवढंच. काय सांगणार? नवऱ्यानं माझी हाक चोरली म्हणून? ऐकणाऱ्याला हसू येईल असं दुःख होतं ते.

संध्याकाळी धोंडू आला. डबा त्यानं धुवून आणला होता. चोवीस वर्षांत पाण्याचा पेलाही न विसळणारा माणूस! तो धुतलेला डबा मालननं पालथा घालून ठेवला.

"खाल्ल्यानी?" तिनं विचारलं.

"खाल्ल्यानी तर. तांबून दोन खाल्ल्यान." तो पाय धुवायला बसला, पाठमोरा. "पण ती चवळी माझ्या हातचा घेणा नाय गो. परवा सकाळी तू ये गेटार. तू हाक मारलंस तर येतली ती."

मालन भिंतीला टेकली. तिला वाटलं होतं, सकाळी बसला तोच काय तो धक्का. पण त्याच्या पाठीमागून दुसरा येत होता, तो हा. सहज, पाय चोळता चोळता आलेला.

"मी बघलंय," ती म्हणाली.

धोंडूचा हात थांबला.

"काय बघलंस?"

"तुमी माझी हाक मारलात."

नळाचं पाणी वाहत राहिलं. धोंडूनं नळ बंद केला नाही. पाठमोराच बोलला, "बिल्डिंगीच्या सेक्रेटरी साहेबाची पोरगी सायकलवरून पडली. ह्या कुत्र्यांनी मागसून धाव घेतल्यानी. हनवटीक टाके पडले तिच्या. साहेब म्हणालो, वॉचमनाक चार कुत्री आवरत नाय तर वॉचमन कशाक होयो? चारय गेली तर तुका नोकरीत कायम करतंय म्हणालो." मग वळला. "गिरण बंद. वय झाला. माका कोण ठेवतलो गो?"

"माका सांगूचा होतात."

"सांगलंय असतंय तर टिकल्यो दिलं असतंस?"

टिकल्या दिल्या नसत्या. मग नोकरी गेली असती. मग? तिच्यापुढं एकीकडं चवळीचे ओले ओठ होते, दुसरीकडं या माणसाचे संपानं वाळलेले खांदे. पोटचं मूल नव्हतं दोघांना. होती ती एवढीच माणसं, त्यातलं एक चार पायांचं.

"येतंय मी परवा," ती म्हणाली.

धोंडूचा चेहरा सैल झाला. तो सैल झालेला चेहरा तिला पाहवेना.

दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीला गेल्यावर तिनं फळीवरची किराईताची पुडी काढली. तापावर घ्यायच्या त्या कडू काड्या. मूठभर घेतल्या, पाणी आटून काळं होईपर्यंत उकळल्या. त्या काढ्यात पीठ मळलं. जवळा तसाच भरपूर, वास तोच. झाकणानं पाडल्या, वाळूवर ठेवल्या. आज गळा लागला नाही.

मनाशी तिनं ठरवलं होतं. गाडीसमोर हाक मारायची, हीच टिकली द्यायची. चवळीच्या तोंडात कडू जहर उतरेल, ती थुंकेल, किंचाळून पळेल. माझ्याच हातानं फसवली गेली की पुन्हा कुणाच्याच हाकेला येणार नाही. जगेल. माझी राहणार नाही, पण जगेल. आणि मालननं हाक मारली नाही असंही कुणाला म्हणता येणार नाही. कुत्री पुन्हा गेटावर दिसली नाही म्हणजे धोंडूची नोकरीही वाचेल. भाजून झालेली एक टिकली तिनं जिभेवर ठेवून पाहिली. डोळ्यांतून पाणी आलं. घशाखाली उतरेना. बरोबर झाली होती.

गुरुवारी सकाळी गाडी उभी होती. आज सेक्रेटरी नंदकिशोर साहेब स्वतः खाली उतरले होते, सफारी घालून, स्कूटरला टेकून. "ही का तुझी बायको? बरं झालं, ताई, आल्यात ते. माझ्या पोरीची झोप उडालीय हो. कुत्रं स्वप्नात येतं तिच्या."

ते खोटं बोलत नव्हते. मालननं मान हलवली. धोंडू खाली बघत होता.

ती डबा घेऊन नाल्याच्या भिंतीपाशी जाऊन बसली. हाक घातली. दोन दिवसांत चवळीनं काही खाल्लं नसावं. पोट आत गेलं होतं. बांधावरून ती धावतच आली, मान खाली, कान मागं. मालनच्या गुडघ्याला तिनं नाक लावलं. मालननं तळहात पुढं केला.

चवळीनं टिकली उचलली. ओठांनी.

चावली. चावताच तिचं सगळं अंग थरथरलं. जबडा वाकडा झाला, लाळ गळू लागली. मालन मनात म्हणाली, पळ. आता पळ गो.

चवळी पळाली नाही. तिनं मालनच्या तोंडाकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि गिळलं. सगळं. भुगासुद्धा जमिनीवरून चाटला. आणि शेपूट हलवली.

मालननं बेत केला होता, त्यात हे नव्हतं. कडू टिकलीवर भरवसा ठेवला होता तिनं. कुत्रीनं भरवसा ठेवला तो हातावर. हात जे देईल ते खायचं, जहर असलं तरी. मागून चपलांचा आवाज आला. फासवाला दबक्या पावलांनी येत होता. चवळीनं मान पुढं केली, आणखी एक दे म्हणून.

मालननं हात उचलला आणि तिच्या तोंडावर मारला.

आवाज मोठा झाला. आयुष्यात मुंगीवर न उचललेला हात. चवळी मागं कोलमडली, उठली, पुन्हा बघत उभी राहिली. मालननं दुसऱ्यांदा मारलं, डब्यानं. तिसऱ्यांदा दगड उचलला. तेव्हा चवळीच्या डोळ्यांत काहीतरी विझलं. ती भिंतीवरून उडी मारून मिठागरात उतरली आणि पांढऱ्या चौकोनांच्या मधल्या बांधावरून धावत सुटली. लहान झाली. ठिपका झाली. वळून तिनं पाहिलं नाही.

"अरे!" फासवाला काठी आपटून म्हणाला. "हातात आली होती ना बाई! वाट लावलीत सगळी!"

नंदकिशोर साहेब स्कूटर सोडून पुढं आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे काय नाटक? धोंडू, तुझ्या बायकोनं मुद्दाम हाकललं तिला. मुद्दाम!"

आता धोंडू काय म्हणेल ते मालनला पाठ होतं. माका म्हायती नव्हता साहेब, बाई येडी आसा साहेब.

"मी सांगितलं तिला," धोंडू म्हणाला.

मालननं मान वर केली.

"मीच सांगितलं, साहेब. दगड मार म्हणून. कुत्रं इथं परत येणार नाही, तेवढ्याशी काम आपल्याला." त्याची मान वर होती. "तिचा काय दोष नाय."

साहेब म्हणाले, "उद्या ऑफिसात ये. टोपी, शिट्टी जमा कर," आणि स्कूटरला किक मारली. गाडीही गेली. गल्लीत दोघंच उरली.

धोंडू तिच्याजवळ येऊन बसला. तिचा उजवा हात त्यानं आपल्या हातात घेतला. तळवा लालबुंद झाला होता, बोटं मिटत नव्हती. असा हात त्यानं लग्नात धरला असेल, त्यानंतर आजच.

"लागला काय गो तुका?"

मालन मिठागराकडं बघत होती. तिथं आता काहीच हलत नव्हतं.

"माका नाय," ती म्हणाली. "तिका लागला."