मंजूर उंची

पडदा सरकला, टाळ्या वाजल्या आणि पाथरवटीण जागच्या जागी थिजली. तिने स्वतःच्या हातांनी घडवलेला पुतळा साडेनऊ फूट उंच चौथऱ्यावर नेऊन ठेवला होता.

खालून काय दिसत होतं? दगडाचे दोन तळपाय, दोन नडग्या आणि फाकलेल्या गुडघ्यांमधला अंधार. त्याच्याही वर कुठेतरी एक हनुवटी आणि दोन नाकपुड्या. बाकी सगळी बाई आभाळात. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातं म्हणा! फीत कापली की ते वाजवतात, भाषण संपलं की सुटलो म्हणून जरा जास्तच जोरात वाजवतात.

पहिल्या रांगेत पाथरवटिणीची आई बसली होती. शहात्तर वर्षांची, ठेवणीतला झगा घातलेली, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवलेली. पुतळा तिचाच होता. शेजारी गल्लीतली इस्त्रीवाली होती. तिने मान वर केली, डोळे मोठे केले आणि तोंडावर हात धरला.

"अगं बाई, हे काय गं भलतंच दिसतंय!"

आणि ती फसकन हसली. हसू दाबलं की जास्त पसरतं. बघता बघता सगळी रांग खांदे हलवायला लागली. मागच्या टोळक्यातून एक शिट्टी आली. म्हातारीने वर बघितलं, मग खाली स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि ते हळूच एकमेकांना चिकटवले. लेकीला म्हणाली, "चल घरी." बस्स, एवढंच.

आता हा पुतळा मुळात कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पाथरवटिणीच्या रागाला काही अर्थ उरणार नाही.

त्यांच्या वस्तीत बसथांब्यापाशी सिमेंटचा एक जुना मासा होता. कोणी केला, कधी केला, कोणाला ठाऊक नाही. जमिनीवरच पडलेला, माणसाच्या कमरेएवढा. मुलं त्याच्यावर घोडा करून बसत, माणसं पिशव्या टेकवत, "माशापाशी थांब" म्हणून निरोप धाडत. त्याचं नाक हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. पाथरवटीण बावीस वर्षं एका नामवंत शिल्पकाराच्या कारखान्यात दगड फोडत होती. घडवायची ती, नाव त्याचं. त्याच्या नावाचे मोठमोठे पुतळे चौकाचौकांत उभे होते आणि त्यांच्याकडे कावळ्यांखेरीज कोणी ढुंकून बघत नव्हतं. माशाचं मात्र नाक झिजलं होतं. तिला त्या झिजलेल्या नाकाचा हेवा वाटायचा.

मग शिल्पकार वारले, कारखाना तिच्याकडे आला आणि वस्तीच्या चौकासाठी पुतळा हवा अशी नगरपालिकेच्या कचेरीची मागणी आली. विषय दिला होता 'आई'. ती घरी आली आणि आईला म्हणाली, "तू बस माझ्यासमोर. पाय पसरून, गुडघे रुंद करून, मांडीत पोर घेतेस ना, तशी. मांडी रिकामी ठेवायची. पोरं येऊन बसतील."

"कोणाची पोरं?"

"कोणाचीही. जमिनीवर ठेवणारेय तुला, पाटाएवढ्या दगडावर. चढायला नको की उतरायला नको."

म्हातारी आठ महिने कारखान्यात उलट्या खोक्यावर बसली. कंबर धरायची, पाय सुजायचे, दगडाची भुकटी नाकातोंडात जायची. तोंडाचा पट्टा मात्र चालू. "नाक एवढं मोठं नाहीये माझं, बघ नीट." लेक छिन्नी खाली न ठेवता म्हणायची, "नाक माझ्याकडे आलंय ना, रोज आरशात बघते." मांडीसाठी तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला. दोन्ही गुडघ्यांवर ताणलेला झगा आणि त्याला पडलेली झोळी अशी घोटली की हात फिरवला तर सरकावा. झोळीच्या खालची पोकळी तशीच खरबरीत सोडली, कारण जमिनीवर बसलेल्या बाईच्या पायाखाली वाकून बघणार कोण? म्हातारी गल्लीभर सांगत सुटली होती, "नातवंडं सांभाळायला आता मला विचारू नका. चौकात बसवून या माझ्या मांडीवर."

पुतळा कचेरीच्या क्रेनने नेला. चौकाला तीन आठवडे पत्रे ठोकलेले होते. पाथरवटीण दोनदा बघायला गेली, दोनदा पहारेकऱ्याने हाकललं. कचेरीत विचारलं तर कारकून म्हणाला, "ड्रॉइंगप्रमाणे चाललंय, काळजी नको." तिने विश्वास ठेवला. इथे तिचंही चुकलंच.

उद्घाटनानंतर म्हातारीने बाहेर पडणं बंद केलं. रोज संध्याकाळी नळाशेजारच्या कट्ट्यावर तासभर बसायची तिची रीत. तो कट्टा ओस पडला. चौकात टोळकी जमू लागली. बुटकं कुंपण ओलांडून, चौथऱ्याला टेकून वर बघायचं, एकमेकांना कोपर मारायचं, मोबाईलवर खालून फोटो काढायचे. कोणीतरी चौथऱ्यावर खडूने काहीबाही लिहिलं. पाथरवटिणीने ते दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा लिहिणारा सापडला तेव्हा त्याची कॉलर धरून त्याच्याकडूनच पुसून घेतलं. पण कॉलरी किती धरणार?

"आई, चल, मी आहे ना बरोबर."

"मला नाही यायचं."

"लोक दोन दिवस हसतात नि विसरतात."

"तू मला वर नेऊन बसवलंस," म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आणि सगळ्या गावाला खाली उभं केलंस. शहात्तर वर्षं मी अंगावरचं कापड सांभाळलं गं."

मी कुठे बसवलं, हे लेकीच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. दगड तिचा, छिन्नी तिची, शब्द तिने दिलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तशीच कचेरीत जाऊन धडकली.

तिथे बांधकामाचे साहेब होते. चाळिशीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं, टेबलावर काच, काचेखाली निरनिराळे नकाशे. बोलणं अगदी मऊ. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"बाई, तुम्ही उगाच चिडताय. मंजूर उंची चौदा फूट आहे."

"कसली उंची?"

"पुतळा अधिक चौथरा. सगळ्या चौकांना हीच मंजुरी आहे. उभा पुतळा आठ फुटांचा असतो, चौथरा सहाचा. तुमची बाई बसलेली निघाली. साडेचार फूटच भरली. मग उरलेले साडेनऊ कुठून आणायचे? चौथऱ्यातून घेतले."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने पुन्हा विचारलं, साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, वर कागदावर बेरीज करून दाखवली. बेरीज अगदी बरोबर होती.

"म्हणजे ती खाली बसलीय म्हणून तुम्ही तिला वर चढवली?"

"उंचीत मान असतो, बाई."

"मान? खालून तिच्या झग्यात बघतात पोरं! तुम्ही एकदा तरी चौकात उभं राहून वर बघितलंत का?"

साहेब किंचित लाल झाले. म्हणाले, उतरवायचं तर नवी मंजुरी, नवी क्रेन, नवी फाइल. दोनेक वर्षं धरा. मग तिच्या करारातला कागद पुढे सरकवून म्हणाले, "आणि हे बघा, कलम अकरा. एक वर्ष पुतळ्याची देखभाल, धुणं-पुसणं शिल्पकाराकडे. त्यासाठी लागेल ती सोय शिल्पकाराने स्वतः करायची. तेवढं बघा तुम्ही." आणि कुंपणाच्या फाटकाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

हात झटकायला म्हणून दिलेली किल्ली होती ती. पाथरवटिणीने ती मुठीत घट्ट धरली आणि बाहेर पडली. कारखान्यात येऊन तिने पहिल्यांदा एक चांगला धडधाकट धोंडा घणाने फोडला, विनाकारण. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी तिच्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या म्हाताऱ्या काकांनी घणाचा दांडा धरला.

"फोडायचेच असतील तर मापात फोड. कशासाठी हवेत?"

तिने कलम अकरा वाचून दाखवलं. काकांनी दोनदा ऐकलं. मग त्यांच्या मिश्या हलल्या.

"सोय म्हणालाय? म्हणजे पायऱ्या."

"सोळा होतील. प्रत्येकी सात इंचाला जरा वर."

"रुंद घे. एका वेळी चार पोरं चढली पाहिजेत. आणि वर कठडा, नाहीतर एखादं पोर पडायचं आणि आपल्या गळ्यात यायचं."

कारखान्यातले पाचही जण पंधरा दिवस बिनबोभाट राबले. पडीक दगड घडवला, प्रत्येकावर रंगाने नंबर टाकला, कुठला कुठे बसणार ते आधी अंगणात मांडून पाहिलं. शनिवार-रविवार कचेरी बंद, सोमवारी कसलीशी सरकारी सुट्टी. शनिवारी सकाळी गाडी चौकात आली, तिने फाटक उघडलं आणि तीन दिवस दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत पायऱ्या चढत गेल्या. विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एकच उत्तर देत होती, "देखभाल." तिने ते इतक्या रागाने म्हटलं की दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही.

सोमवारी दुपारी कठडा बसला आणि पोरांनी हल्ला केला. वर मांडीत एक, गुडघ्यावर एक, गळ्यात हात टाकून एक, बाकीची पायऱ्यांवर रांग लावून भांडतायत. आयाही वर चढल्या. तिथून बघितलं की बाईचं तोंड सरळ समोर येत होतं आणि झोळी हातभर अंतरावर. झोळीखालचा अंधार पायऱ्यांनी आणि कठड्याने पुरता झाकून टाकला होता.

संध्याकाळी इस्त्रीवाली म्हातारीच्या दारात जाऊन उभी राहिली. उद्घाटनापासून ती त्या दाराकडे फिरकली नव्हती.

"मी हसायला नको होतं."

म्हातारीने दार अर्धं लोटलं.

"माझी नात झोपलीय तुझ्या मांडीवर. उठवली तर चावते. तू येतेस का उठवायला?"

म्हातारीने लोटलेलं दार उघडलं. मग चपला शोधायला लागली.

मंगळवारी सकाळी साहेब आले. बरोबर घण घेतलेले चार मजूर. आज त्यांचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता.

"हे अनधिकृत बांधकाम आहे! कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही. कलम अकरा. देखभालीची सोय."

"सोय म्हणजे शिडी, बाई!"

"बावन्न वर्षांची आहे मी. शिडीवरून पडले तर तुम्ही येणार दगडाला पाणी घालायला?"

"आणि ही मुलं?"

"मुलं पुसतात. तीस-चाळीस जण, दिवसभर, फुकट. मांडी बघा कशी चकाकतेय. तुमच्या इतर चौकांतल्या पुतळ्यांवरची घाण बघितलीय का कधी?"

मजुरांपैकी एकजण खाली बसून दगडांच्या सांध्यातून नख फिरवत होता. नख आत जात नव्हतं. त्याने घण हळूच जमिनीवर टेकवला. पण साहेबांना आता मागे फिरणं शक्य नव्हतं, बघ्यांची गर्दी जमली होती. त्यांनी आवाज चढवला, "पहिली पायरी फोडा!" पाथरवटीण पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "फोडा," ती म्हणाली, "आधी माझे पाय फोडा, मग दगड."

तेवढ्यात साहेबांचं लक्ष वर गेलं. सगळ्यात वरच्या पायरीवर, दगडी बाईच्या गुडघ्याला पाठ टेकून पाथरवटिणीची आई बसली होती. गुडघे रुंद, मांडीत इस्त्रीवालीची नात.

चौथऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून, मान मागे टाकून साहेब ओरडले, "आजी, खाली उतरा! आधी खाली उतरा तुम्ही!"

म्हातारी उठली नाही. तिने गुडघेही जवळ घेतले नाहीत.

"खालून काय बघतोस रे बाळा?" ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण चौक गप्प होता. "बाईकडे असं खालून बघायचं नसतं. बोलायचंय ना? मग वर ये. सोळाच पायऱ्या आहेत."

साहेबांनी मान झटकन खाली घातली. कान लाल झाले होते. हुकूम द्यायचा तर वर बघावं लागत होतं आणि वर बघण्याची सोय राहिली नव्हती. ते काही क्षण स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. मजूरही बुटांकडेच बघत होते.

पाथरवटीण पायरीवरून बाजूला झाली, जेमतेम एका माणसापुरती.

"चढा," ती म्हणाली. "आणि चपला-बूट काढून चढा. पुसायला मलाच लागतं."