चहा सोडलेल्या माणसाची बायको

नत्थूने चहा सोडला ही बातमी कारधा गावात ज्या वेगाने पसरली, त्या वेगाने निवडणुकीचा निकालसुद्धा पसरत नाही. कारण नत्थूचं चहाशी नातं काही साधंसुधं नव्हतं. उठल्याबरोबर एक कप, गोठ्यातलं शेणपाणी आटोपलं की एक, धानाच्या बांधावर किटलीतून आणखी, आणि सांजेला वैनगंगेच्या पुलाजवळ चंद्रकुमारच्या टपरीवर निवांत, बशीत ओतून. पोळी एखादवेळी शिळी चालेल, पण चहा पुन्हा गरम केलेला चालायचा नाही. असा माणूस बायकोसाठी चहा सोडतो म्हणजे काय करतो, हे ज्याला ते वेड आहे त्यालाच कळायचं.

झालं असं की मागच्या हिवाळ्यात त्याच्या बायकोची, रुखमाची, छाती भरून आली. खोकला तर जुनाच होता. पण त्या दिवशी तिला न्हाणीतून ओसरीपर्यंत येववेना. ओठ निळे पडले. पूल ओलांडून तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली, आणि ती कशीबशी सावरली. सुट्टी मिळाली त्या दिवशी नत्थू औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभा होता, तेव्हा डॉक्टर खाटेजवळ येऊन तिला म्हणाले, "काकू, खरं सांगतो. जन्मभर चुलीचा धूर गिळलात, त्यानं फुप्फुसं आतून खराब झाली आहेत. हा आजार बरा होणारा नाही. हा दम्याचा, तोंडाने ओढायचा पंप रोज घ्यायचा, धुरापासून लांब राहायचं. एवढं पाळलंत तर चांगले दिवस काढाल. पण आजार पार गेला, असं काही होणार नाही."

रुखमाने मान डोलावली. नवरा औषधांची पिशवी घेऊन आला तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा पाहून तिला वाटलं, आज नको, घरी गेल्यावर सांगू.

घरी गेल्यावर सांगायची सोय राहिली नाही. नत्थू पिशवी ओसरीवर ठेवून तसाच नदीकाठच्या महादेवाकडे गेला आणि ओंजळीत वैनगंगेचं पाणी घेऊन बोलून आला, की रुखमाची छाती बरी होईपर्यंत चहाला तोंड लावणार नाही. रुखमाला हे त्याने सांगितलंच नाही. नणंद शकुनबाई सिहोऱ्याहून भेटायला आली होती, तिने सांगितलं, वर डोळे पुसत म्हणाली, "वयनी, असा नवरा कोनाले भेटते वो?"

रुखमाही रडली. शकुनबाईला वाटलं आनंदाने रडते आहे. रुखमाला मात्र डॉक्टरांचे शब्द आठवले होते. बरी होईपर्यंत! म्हणजे या माणसाचा चहा जन्माचा गेला, आणि ते या घरात फक्त आपल्याला ठाऊक.

मग सुरू झाले नत्थूचे बिनचहाचे दिवस. सकाळी डोकं दुखे, तर खांद्यावरचा दुपट्टा कपाळाला घट्ट आवळून बांधून तो गोठ्यात जाई आणि राग बैलांवर काढी. रुखमावर कधी नाही. तिला उलट म्हणे, "तू पी ना वो. नवस माह्या हाये, तुह्या थोडीच हाये." पण ज्या घरात एक माणूस डोकं धरून बसला आहे, त्या घरात चहाचं आधण ठेवायला हात उचलतो का कोणाचा? तिनेही सोडला. टपरीवर जाणं मात्र नत्थूने सोडलं नाही. दुसऱ्यांना चहा पाजायचा आणि आपण वाफेत बसून राहायचं. चंद्रकुमारने एकदा रुखमाला वाटेत अडवून सांगितलं, "वयनी, भाऊ रिकामा कप हातात घेऊन बसते. पाहवत नाही मले." त्या दिवशी रुखमाने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

शेजारच्या घरी शुभांगी नावाची सून होती, नागपूरची. कॉफीशिवाय तिचं डोकं चालत नसे, आणि सासूबाईंना त्याचं मोठं नवल. एकदा रुखमा विरजण मागायला तिच्या पायऱ्या चढली आणि धापा टाकत उंबऱ्यावरच बसली. शुभांगीने हातातला कॉफीचा कप तिच्याच पुढे केला. कडू लागली. पण बसल्या बसल्या थोड्या वेळाने रुखमाच्या लक्षात आलं, की आपण मधे न थांबता बोलतो आहोत. शुभांगीने मोबाइलमध्ये पाहिलं. "हो मावशी, कॉफीनं थोडा वेळ छाती मोकळी वाटते म्हणे. थोडीशीच. पण पंपाच्या जागी नाही चालत हं."

रुखमाला थोडीशीच हवी होती. नत्थू वावरातून घरी येऊन जेवून झोपेपर्यंत पुरली की झालं. बरी होणं हाती नसलं तरी बरी दिसणं हाती होतं. आपण बरी दिसलो तर हा चहा पिईल. बस, एवढाच डाव.

तिने पंप शुभांगीच्या घरी नेऊन ठेवला. नत्थूला सांगितलं, आता लागत नाही. सकाळी तो बाहेर पडला की एकदा, आणि सांजेला तो यायच्या आधी एकदा ती शेजारी जाई, पंप ओढी, वर कॉफी पिई, बडीशेप चावत घरी येई आणि कामाला लागे. बायको नवऱ्याला चोरून रोज शेजारी जाते म्हटल्यावर गावाला काय काय सुचलं असतं! आणि ही बाई जात होती कॉफीला. नत्थू आला की ती भरली बादली त्याच्यासमोर उचलून न्यायची. मुद्दाम लांबलचक गोष्टी सांगायची. नत्थू दुपट्टा हातात धरून बघत उभा राहायचा.

"काय वो, दम नाही लागून राहिला?"

"कुठं? तुमच्या नवसानंच झालं हे," ती म्हणायची.

हे वाक्य जिभेवरून सुटलं की तिला स्वतःची लाज वाटायची. पण त्याचा चेहरा असा उजळायचा, की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणायची. एकदा तो म्हणाला, "भंडाऱ्याले जाऊ, डॉक्टरले दाखवून येऊ." तर ही म्हणाली, "देवानं केलेलं काम डॉक्टरले कायले इचारता?" नत्थूने कानाला हात लावले आणि विषय मिटला.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट तर तिने शुभांगीलाही सांगितली नव्हती. कॉफी तिला आवडायला लागली होती. दुपार कलली की तिला कॉफीची आठवण येई, घोट घशातून उतरताना बरं वाटे, आणि त्याच क्षणी रिकामा कप धरून बसलेला नवरा डोळ्यांपुढे येई. त्याच्यासाठी पितो म्हणावं, तर मग कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटाने कशाला चाटतो आपण? पाप करतो आहोत असं तिला वाटे, आणि चाटायची ती थांबत नसे.

धान कापून, खळ्यात चुरून झालं आणि नत्थूने जाहीर केलं, की नवस फेडायचा. महादेवापुढे कणकेच्या भाजलेल्या रोडग्यांचं जेवण, आणि मग चहा. शकुनबाई तांबडं फुटताच सिहोऱ्याहून येऊन ठेपली. तिने वहिनीला मिठीच मारली, आणि तिथून जी चिकटली ती सुटेचना. शेजारी जाऊन यायला रुखमाला सवड मिळाली नाही. ना पंप झाला, ना कॉफी. तिने शुभांगीला डोळ्यांनी खुणावलं, तशी शुभांगीने पंप पर्समध्ये टाकून आणला. पण एवढ्या माणसांत तो ओढायचा कसा?

नदीकाठी रोडगे भाजायला गोवऱ्यांचा आर रचला. रुखमा वारा बघून लांब बसली होती. तेवढ्यात शकुनबाई म्हणाली, "वयनीच्याच हातानं पेटू द्या ना आर! तिच्याच छातीचा नवस हाये." सगळ्यांना ते पटलं. बरी झालेली बाई धुराला नाही कशी म्हणेल? रुखमा उठली. तिने काडी लावली, वाकून फुंकर घातली. गोवऱ्या सर्द होत्या. धुराचा लोट उठला आणि सरळ तिच्या तोंडावर आला.

ती पदर तोंडाशी धरून मागे सरली. छातीत आवळून आलं होतं. पण समोर चंद्रकुमार किटली घेऊन पोचला होता. "पयला कप नत्थूभाऊले!" लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नत्थूने कप घेतला, चहा बशीत ओतला आणि लाजऱ्या नवरदेवासारखा बायकोकडे बघू लागला. रुखमा हसली. श्वास बाहेर जात नव्हता, आत येत नव्हता, तरी ती हसत राहिली. एक घोट. एवढा घोट त्याच्या घशाखाली उतरला की मग मेलं तरी चालेल, असं ती मनात म्हणत होती.

बशी ओठांपाशी गेली आणि रुखमाला खोकल्याची उबळ आली. ती वाळूत गुडघ्यांवर कोसळली. पुढचं तिला धड कळलं नाही. शुभांगी ओरडत होती, "जाळ विझवा आधी!" मग पंपाची ओळखीची कडवट चव तोंडात आली, एकदा, पुन्हा एकदा, आणि हळूहळू हवा आत शिरू लागली. डोळे उघडले तेव्हा नत्थू तिला टेकू देऊन बसला होता. बशी बाजूच्या दगडावर होती, भरलेली.

"हा पंप शुभांगीजवळ कसा?" त्याने विचारलं.

आणखी एक खोटं सहज बोलता आलं असतं. पण तेवढा दम नव्हता, आणि मनही नव्हतं.

"माह्याच हाये," ती थांबत थांबत म्हणाली. "रोज घेते. तिच्या घरी. अन् कॉफी पिते तिथं... तुमाले चोरून."

"काहून?"

"दम नाही लागत थोडा वेळ. तुमाले वाटावं का बरी झाली. मंग तुमी चहा प्याल." तिला रडू फुटलं. "हे बरं होत नाही जी. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं मले. जलमाचं हाये म्हणे. मी तुमच्यापासून लपवलं."

शकुनबाईने तोंडावर हात ठेवला. बाकीचे इकडेतिकडे बघू लागले. नत्थूने तिच्या पदरावरची वाळू झटकली.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "डॉक्टरनं मलेबी बाहेर बोलावून तेच सांगतलं."

"मालूम होतं? मंग नवस कायले केला?"

"मालूम होतं म्हून तं केला. डॉक्टरच्या हातचं असतं, तं देवाले कायले तरास दिला असता?"

रुखमाला आता कळलं आपण काय केलं ते. या माणसाने जन्माचा चहा सोडला होता, कसलीही आशा नसताना. आणि मग रोज सांजेला बादली उचलणारी बायको बघून त्याला वाटलं होतं, जे होणार नव्हतं ते झालं. देवाने आपलं ऐकलं. ते आपण त्याला कॉफीच्या जोरावर दाखवलं, आणि आज सगळ्यांदेखत हिसकून घेतलं. त्याने ओरडावं, दोन शिव्या घालाव्या, असं तिला फार वाटलं. तेवढं तरी त्याने आपल्यासाठी करावं.

नत्थूने बशीतला चहा सांडू न देता परत कपात ओतला आणि कप तिच्या हातात दिला.

"घे. कोमट तरी हाये अजून."

"तुमी घ्या ना जी. एक घोट तरी. पाया पडते."

"नवस कुठं फिटला?" तो म्हणाला. "तू घे."

नाही म्हणायला तिला तोंडच उरलं नव्हतं. ती प्यायली. नत्थू तिच्या तोंडाकडे बघत होता. कप अर्धा झाला तेव्हा त्याने विचारलं, "कसा झाला?"

बेकार झाला, असं सांगून टाकावं, म्हणजे त्याला सोपं जाईल, असं तिच्या मनात आलं. पण आता त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून तिने जसा होता तसा सांगितला. पत्ती कडक आहे, आलं ठेचून घातलं आहे, दूध म्हशीचं आहे, साखर त्याला लागते तेवढीच आहे. दम लागत होता, तो तिने लपवला नाही. एकेका शब्दावर थांबत ती सांगत राहिली, आणि नत्थू पुढे वाकून ऐकत राहिला.