उठताना झाकायचं

शहरात तीन दिवस काढायचे आणि खिशाला भोक पाडायचं नाही, म्हणून सुनेनं आठवडाभर खपून एक यादी केली होती. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, बारीक अक्षरात. नदीकाठचा पायरस्ता. संग्रहालय, शुक्रवारी दुपारनंतर. मोठ्या वाचनालयातला जुन्या नकाशांचा हॉल. सार्वजनिक बाग, तिथलं काचघर. प्रत्येकापुढे एकच शब्द : फुकट. आणि अगदी खाली, दोनदा रेघ मारून, घड्याळाचा मनोरा. महिन्याच्या पहिल्या रविवारी आतलं मशीन बघायला सोडतात, पहिल्या तीस माणसांना, टोकनवर. तेही फुकट.

"फुकट ते पौष्टिक," सासरे यादी वाचून म्हणाले होते. "पण शेवटी ठेवलंस ते खरं जेवण. बाकी सगळी चटणी-कोशिंबीर."

सासऱ्यांनी बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडाच तो. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग. गुडघ्याएवढी दातेरी चाकं असलेलं घड्याळ त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. नवऱ्याच्या कारखान्यातून घरच्यांसाठी वर्षातून एकदा प्रवासाचा पास मिळायचा, शहरातली त्याच्या मित्राची खोली महिनाभर रिकामी होती. सगळं जुळून आलं होतं.

निदान सांगायला तरी तसं होतं. खरं कारण यादीत नव्हतं.

सोमवारपासून सुनेची नोकरी पुन्हा सुरू होत होती. कॉलेजच्या कार्यालयात, नऊ ते पाच. पाच वर्षांच्या मुलीला दुपारी शाळेतून आणायचं, खाऊ घालायचं, सांभाळायचं, हे सगळं सासऱ्यांनी आनंदानं अंगावर घेतलं होतं. मुलीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, आजोबांनी तिला 'सेकंद' म्हणायला सुरुवात केली आणि घरभर तेच झालं. सेकंदकाट्यासारखी बारीक, लांबुडकी, आणि एका जागी कधी नाहीच.

पण गेल्या दोन महिन्यांत सुनेनं काही गोष्टी पाहिल्या होत्या. दूध ठेवून गॅस विसरणं, हे तर तीही करायची. पण एकदा सासरे सेकंदला घेऊन शाळेतून निघाले ते दीड तासानं घरी आले. "रस्ता बदलून आलो," म्हणाले. हसले. ते हसणं तिला आवडलं नव्हतं.

तिनं नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला काय, मांजर आडवं गेलं तरी ताप येतो. बाबांना सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची घड्याळं पाठ आहेत."

"गिऱ्हाइकांची घड्याळं पाठ आहेत. परवाचं जेवण पाठ नाही."

"मग दाखव सिद्ध करून."

त्याला आपल्या वडिलांविरुद्ध पुरावा हवा होता, आणि तो तिनं आणायचा होता. म्हणून हा प्रवास. तीन दिवस नवी जागा, नवे रस्ते. डोळ्यांत तेल घालून बघायचं.

पहिले दोन दिवस सासरे तिच्या भीतीला पुरून उरले. संग्रहालयात त्यांनी सेकंदला एक गंजलेलं कुलूप दाखवून ते कसं उघडत असेल ते हातवारे करून सांगितलं, इतकं छान की चार अनोळखी माणसं ऐकायला थांबली. नकाशांच्या हॉलमध्ये सेकंदनं विचारलं, "आजोबा, आपलं घर कुठाय यात?" तर म्हणाले, "आपलं घर लहान आहे गं, ते भिंगातून बघावं लागतं. आणि भिंग घरी राहिलं." खोलीवर परत येताना वाटही त्यांनीच दाखवली. सून मनातल्या मनात ओशाळली. नवऱ्यासारखं तीही स्वतःला विचारू लागली, आपल्यालाच मांजर आडवं गेलंय का?

शनिवारी सकाळी मात्र ते खोलीच्या दारापाशी बराच वेळ उभे होते. हातात एकच चप्पल. "सापडली," म्हणाले, तिनं काही विचारायच्या आधीच.

रविवारी साडेनऊला तिघं बागेत पोचली. बागेच्या एका टोकाला मनोरा, दुसऱ्या टोकाला काचघर, मध्ये कारंजं. टोकनची रांग मनोऱ्यापासून निघून झाडांखालून वळत होती.

"मी रांगेत उभी राहते," सून म्हणाली. "तुम्ही दोघं कारंज्यापाशी बसा. उन्हात कशाला? बाबा, सेकंदला सोडू नका हं."

"मी सोडतो होय? तीच मला सोडत नाही."

रांगेतून बाक दिसत होता. सासऱ्यांची पांढरी टोपी, शेजारी उड्या मारणारा पिवळा फ्रॉक. मग रांग पुढे सरकली, वळली आणि बाक झाडांआड गेला.

ती तेव्हाच जाऊ शकली असती. मागच्या बाईला "जागा धरा हो" म्हणायचं, दहा पावलं मागे यायचं, बघायचं. पाय उचललाही होता. पण मनात आलं : बघू या. वीस मिनिटं. सोमवारी तर आठ तास असणार आहेत.

हे 'बघू या' पुढे तिला कितीतरी दिवस झोपू देणार नव्हतं.

तिच्या हातात टोकनं पडली, अठरा, एकोणीस, वीस, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "मिळाली का? वा! मला वाटलं, हातावर तुरी देतात की काय."

सासरे होते. हात पाठीमागे बांधलेले, चेहरा प्रसन्न. एकटे.

"सेकंद कुठाय?"

"आहे की."

"कुठे, बाबा?"

त्यांनी मागे वळून बघितलं. मग आपल्या हाताकडे. त्या हातात नुकतंच काहीतरी होतं आणि आता नाही, असं. तिनं त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला, आणि शाळेतून दीड तासानं आलेल्या दिवशी ते का हसले होते ते तिला कळलं. त्या वेळी रंग झाकायला हसू तरी होतं.

ती धावली. बाकावर कुणी नव्हतं. कारंज्याच्या कठड्यावर ओणवून तिनं पाण्यात बघितलं, आधी पाण्यातच. गुडघाभर पाणी, तळाशी पानं. "सेकंद!" ती ओरडली, मग मुलीचं खरं नाव घेऊन ओरडली, आणि आपल्याच तोंडून ते नाव परकं वाटलं. फाटक उघडं होतं. फाटकापलीकडे रस्ता होता.

सासरे मागून धापा टाकत आले. "मी आत्ता... ती इथेच... मी तिला म्हणालो..."

"काय म्हणालात? आठवा ना!"

"आठवतो गं, आठवतोय," ते म्हणाले आणि कपाळावर मूठ मारून घेतली. एकदा, दोनदा.

तिनं ती मूठ पकडली. ओरडून हे कुलूप उघडणार नव्हतं, एवढं त्या गोंधळातही तिला समजलं. सहा वर्षं ती या माणसाला जेवायला हाक मारायला जिन्याखाली जात होती. तो लगेच कधीच उठायचा नाही. आधी चिमटा ठेवायचा, मग शेवटी उघड्या घड्याळावर एक गोष्ट करायचा, आणि मगच उठायचा. त्यात कधी, एकदाही, चूक नव्हती.

तिनं आवाज खाली आणला. "बाबा, टेबलावर घड्याळ उघडं आहे. मी जेवायला हाक मारली. आता तुम्ही उठताय. काय करता?"

"झाकतो," ते ताबडतोब म्हणाले. "उठताना झाकायचं. वाऱ्यानं स्प्रिंग उडाली तर जन्मात सापडत नाही."

"कशानं झाकता?"

"काचेनं. काचेच्या..."

दोघांनी एकदमच मान वळवली. हिरवळीच्या पलीकडे, उन्हात, उलट्या वाटीसारखं काचघर चमकत होतं.

सेकंद आत, मधोमध, एका मोठ्या कुंडीच्या कडेला बसली होती. हात मांडीवर. पाय जुळवलेले. आतल्या दमट उकाड्यानं केस कपाळाला चिकटले होते, गाल लाल झाले होते. शेजारी पाणी घालणारी माळीणबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुमची का ही? अहो, केव्हाची सांगतेय, बाहेर सावलीत बस, पाणी पी. हूं की चूं नाही. मुकी आहे वाटलं मला."

"मी हलले नाही," सेकंद आईला नाही, आजोबांना म्हणाली. "काचेखाली हलायचं नाही ना? नाक खाजलं तरी नाही हलले."

"शाबास," सासरे म्हणाले.

सुनेनं मुलीला उचललं, अंगाशी धरलं, उतरवलं, पुन्हा उचललं. नळावर नेऊन तोंड धुतलं. जिला ताटावर दोन मिनिटं बसवायला गोष्ट सांगावी लागते, ती पोर या भट्टीत अर्धा तास निश्चल बसली होती. आजोबा सांगून गेले म्हणून. ते परत आलेच नसते, तरी बसली असती. सुनेला हे त्या उघड्या फाटकापेक्षा भयंकर वाटलं.

ती बाहेर आली तोवर बाकीच्या टोकनवाल्यांना आत घेऊन मनोऱ्याचं दार लावलं होतं. टोकनं तिच्या मुठीत घामानं भिजून मऊ झाली होती.

"पुढच्या महिन्यात येऊ, बाबा," ती म्हणाली. आपण असं का म्हणतोय हे तिलाही कळलं नाही.

"खालून दिसतंय की. खालून बघायला टोकन लागत नाही." ते बाकावर बसले, खिशातलं घड्याळ काढलं. मनोऱ्यानं अकरा ठोके दिले. ते मोजत राहिले. "एवढं मोठं बेणं, आणि दीड मिनिट मागे." मग हातातल्या घड्याळाकडे बघत, "नाहीतर मी पुढे असेन."

सेकंद कबुतरांमागे पळत होती. सून तिच्यावरची नजर हलवत नव्हती.

"बाबा, मी तुम्हाला मुद्दाम..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, दुरुस्त झालेलं घड्याळ नेताना गिऱ्हाईक काय करतं? कानाला लावून बघतं. शंका असतेच. तीन दिवस तू मला कानाला लावलंयस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "वाईट वाटून घेऊ नकोस. मीही घरी तेच करतो. सकाळी उठून आधी वार आठवतो, मग तोंड धुतो."

रांगेत उचललेला आणि परत ठेवलेला पाय तिला आठवला. ते तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही सांगितलं, पुढेही नाही.

"त्याला मी सांगतो," सासरे म्हणाले. "तू सांगितलंस तर वाईट तू होशील. पोरगा बापाचं ऐकेल. फक्त घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात राहील असं नाही. तुझा तो कागद काढ."

तिनं यादी काढली. मागची बाजू छापील होती, महिन्याच्या तारखा. समासात जागा होती.

"लिही. सोमवारपासून सेकंदला माझ्याजवळ एकटं ठेवू नये. दुसरी सोय होईपर्यंत सूनबाईनं रजा घ्यावी, किंवा त्यानं पाळी बदलून घ्यावी. त्यानंच घ्यावी. लिहिलंस? हे मी शुद्धीत सांगतो आहे. तारीख घाल."

"आजची तारीख..."

"पाच," ते म्हणाले. "पहिला रविवार, पाच." आणि तारीख बरोबर आली म्हणून लहान मुलासारखे तिच्याकडे बघू लागले. "सेकंद आपल्या घरातच राहील ना गं? म्हणजे, मी असताना कुणीतरी असलं की..."

"तुमच्याजवळच राहील. मीही असेन तिथे."

त्यांनी सही केली. सही मात्र जुन्या पावत्यांवरची होती, तशीच वळणदार, न अडखळता. कागद त्यांनी आपल्याच खिशात ठेवला.

दुपारच्या गाडीत गर्दी नव्हती. सेकंद खिडकीशी झोपली. शेतं गेली, एक पूल गेला. सासऱ्यांनी खिशात हात घातला, कागद काढला, चष्मा लावून वाचला. सून बघत होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"अक्षर तुझं आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"बोलणं माझं आहे."

"हो."

"मग बरोबर असेल." त्यांनी कागद उलटला, फुकटची यादी वरपासून खाली बोट फिरवत वाचली, शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. "मशीन आतून कसं होतं गं? मोठं होतं ना?"

"आपण खालून बघितलं, बाबा. दीड मिनिट मागे होतं."

"हां. दीड मिनिट." त्यांनी घडी नीट घातली, वरच्या खिशात ठेवली, खिशावर हात दाबला.

थोड्या वेळानं गाडी एका लहान स्टेशनवर थांबली. फलाटावर, अगदी खिडकीसमोर, नळ होता. सासऱ्यांनी रिकामी बाटली उचलली. उठण्याआधी त्यांनी खुंटीवरची सुनेची शाल काढून झोपलेल्या सेकंदवर पांघरली, कडा दोन्ही बाजूंनी खोचल्या, अगदी सावकाश, खाली काही सुटं असावं तसं. दारापाशी जाऊन ते थांबले आणि मागे वळले.

"सूनबाई, मी उठलोय. लक्ष असू दे."

"आहे, बाबा."

कुणावर, ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. ती जागेवरच जरा तिरकी होऊन बसली. एक हात शालीवर, आणि डोळे नळाकडे जाणाऱ्या पांढऱ्या टोपीवर.