पुढं धरलेली हनुवटी

उचगावच्या माळावर त्या अमावास्येला पाय ठेवायला जागा नव्हती. कंग्राळीहून टेम्पो भरभरून माणसं आली होती, आणि सगळ्यांचे मोबाइल बारा वर्षांच्या सौम्याच्या तोंडाकडे रोखलेले होते.

सौम्या माझी सातवीतली विद्यार्थिनी. हनुवटी मागं, वरचे दात पुढं, त्यामुळं वर्गात हसताना तोंडावर हात धरायची. तिचे वडील युवराज मच्छे गावच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करतात. मला हाताला धरून माळावर आणलं ते त्यांनीच.

"बघा मास्तर, आपल्या डोळ्यानं बघा!"

समोर नागोजी महाराज बसले होते. गळ्यात माळा इतक्या, की मान वळवायची सोय नव्हती. त्यांनी एक सुपारी कपाळाला लावली.

"हाड म्हंजे काय? थिजल्यालं मन! मन सरकलं की हाड सरकतंय! डॉक्टर लोखंड लावतोय, मी सुपारी लावतो. धर पोरी, पुढच्या दातांत. वरचा दात, खालचा दात, दोन्ही टेकव!"

सौम्यानं सुपारी धरली. महाराजांनी मोरपीस फिरवलं, काहीतरी पुटपुटले आणि सुपारी काढून घेतली.

"आता अश्शीच ठेव. हलू द्यायची न्हाय."

हनुवटी खरंच पुढं आली होती. बायकांनी कडाकडा बोटं मोडली. युवराजच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पर ध्यानात ठेवा," महाराजांनी आवाज खाली आणला, "वर्षाच्या आत हनुवटी मागं गेली, तर बापाच्या जिवावर बेतंल. आणि पोरीच्या हाताचा फोटो काढायचा न्हाय. भाग्याची रेघ जळती."

हा हाताचा फोटो मध्येच कुठून उपटला? त्याचं असं झालं होतं. आधीच्या महिन्यात सौम्याची आई नीलम तिला बेळगावात दातांच्या डॉक्टर ऋचांकडं घेऊन गेली होती. त्यांनी दात तपासले आणि मनगटाचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. युवराज भडकले. "रोग तोंडाला आणि फोटो हाताचा? मला येडं समजत्यात काय!" असं म्हणून त्यांनी डॉक्टरच बदलला आणि मोरपीस गाठलं. ही हकीकत त्यांनीच महाराजांना सांगितली होती. महाराजांनी ती शापात घालून परत दिली.

पुढचे चार महिने मी सौम्याला पाहत होतो. ती मधल्या सुट्टीत डबा उघडेना. कविता म्हणायला उठवलं तर ओठ घट्ट मिटून उभी राही. कानापुढं बोटं दाबत बसे. शेवटी एकदा मी तिला बाजूला बोलावून विचारलं, "भाकरी का खात नाहीस?"

"घास चावला की ती मागं जाती, सर."

"मग जाऊ दे की."

"आप्पा लेथवर असत्यात, सर."

मी आणखी खोदून विचारलं. पोर झोपतानाही ओढणीनं जबडा बांधत होती.

"घरी सांगितलंस?"

"कसं सांगू? सांगितलं तर त्यास्नी कळंल, मीच धरलिया म्हणून. न्हाय सांगितलं तर धरूनच बसाय पायजे."

बारा वर्षांची पोर आपल्याच तोंडात कोंडली गेली होती, आणि बाहेर गाव चमत्काराचे व्हिडिओ पाठवत होतं. मला त्या महाराजाचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. माळावर मीही गप्पच उभा होतो.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. नीलमकडून सुपारी मागून घेतली. बापलेकीची हनुवटी एकाच साच्यातली, म्हणून सुपारी युवराजच्याच हातात ठेवली.

"पुढच्या दातांत धरा. दोन्ही दात टेकवा. आता सुपारी काढा, जबडा तसाच ठेवा आणि आरशात बघा."

"अगंबया, ह्यांचीबी आली की पुढं!" नीलम ओरडली.

"आता सोडा."

जबडा मागं गेला. युवराजनी आरशात बघत हनुवटी दोनदा चाचपली. मग म्हणाले, "पर हिची अजून पुढंच हाय न्हवं?"

"तिलाच विचारा."

सौम्या दारात उभी होती. हनुवटी थरथरत होती. "आप्पा, मी सोडली तर तुमास्नी काय हुईल…"

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी लेकीची हनुवटी ओंजळीत घेतली. "माझ्यासाठी धरून बसलीस व्हय गं? सोड. काय व्हायचं ते मला हू दे."

तिनं सोडली. हनुवटी चार महिन्यांपूर्वीच्याच जागी गेली. अरिष्ट एकच आलं, चुलीवरचा चहा उतू गेला.

सोमवारी एक्स-रे निघाला. डॉक्टर ऋचांनी तो उजेडावर धरला. "जबड्याची वाढ किती शिल्लक आहे, ते नुसत्या वयावरून कळत नाही. दोन बारा वर्षांच्या मुलींत दोन वर्षांचा फरक असू शकतो. मनगटाची हाडं ते सांगतात. अंगठ्याच्या मुळाशी हा मुगाएवढा ठिपका दिसतो ना? म्हणजे वाढ जोरात आहे. हाडांच्या टोकांशी या फटी दिसतात, त्या मिटल्या की वाढ संपली, मग ऑपरेशनच. आत्ता दातांवर बसणारी प्लेट लावली तर जबडा पुढं यायला मदत होईल. चार महिने वाया गेले, पण वेळ गेलेली नाही."

युवराज लेथवाला माणूस, त्यांनी मापाचाच प्रश्न विचारला. "म्हंजे तुमची प्लेटबी जबडा पुढंच धरणार. मग त्येच्यात आणि सुपारीत फरक काय?"

"ती वाढीच्या वयात लावतात. आणि मी दर महिन्याला मोजणार, मापं तुम्हाला दाखवणार. वाढ झाली नाही, तर नाही झाली म्हणून सांगणार."

युवराजनी मान डोलावली. पुढच्या अमावास्येला ते सुपाऱ्यांची पिशवी आणि आरसा घेऊन माळावर उभे राहिले. तासाभरात निम्मा माळ एकमेकांच्या हनुवट्या बघून हसत होता. महाराजांना निपाणीकडं तातडीचं काम निघालं.

वाचकहो, हाताचा फोटो मागितला तर जरूर विचारा, का? गुण आला नाही तर ते कळणार कसं, हेही विचारा. ज्याच्याकडं या प्रश्नांना उत्तर आहे, त्याच्याकडं जा. जो उत्तराऐवजी शाप देतो, त्याच्या दारात आपलं लेकरू उभं करू नका.

काल मधल्या सुट्टीत सौम्यानं दीड भाकरी खाल्ली.