ऑगस्ट अडकलेला कॅमेरा

वारा फिरला की आमच्या कागोशिमात ते आधी दोरीवरच्या कपड्यांवरून कळतं. उन्हाळाभर साकुराजिमा या ज्वालामुखीच्या बेटाची राख खाडी ओलांडून थेट आमच्या अंगावर येते, तेव्हा खिडक्या बंद आणि कपडे घरात. सप्टेंबर सरता सरता वारा पाठ फिरवतो, राख डोंगरापलीकडच्या लोकांकडे जाते, आणि एका सकाळी बघावं तर गल्लीभर चादरी फडकत असतात. त्या सकाळी मला शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. वय साठ, गुडघे सत्तरचे, पण वाटतं.

अशाच एका सकाळी तोकुदोमे आजोबा माझ्या कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात आले. त्यांचा जन्म गेला साकुराजिमाच्या बोटीवर दोरखंड टाकण्यात. आता निवृत्त, ताठ, कमी बोलणारे. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि शेजारी कारुकानच्या पांढऱ्या वड्यांचा खोका. काम सांगायच्या आधीच जो गोड पुढं करतो त्यानं काहीतरी करून ठेवलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत चांगलं कळलंय.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. आत राख गेली होती, थोडं पुसलं."

"कशानं?"

"ओल्या कापसानं."

मी त्यांची चांगलीच हजेरी घेतली. मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण मला राहवलं नाही. त्यांचा दोष तरी कसा म्हणावा? राख आधी भिजवायची आणि मगच पुसायची, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. ही राख म्हणजे बारीक कुटलेली काच. कोरड्या फडक्यानं पुसली की गाडीच्या काचेवर आयुष्यभराचे ओरखडे उठतात, म्हणून आम्ही पाणी ओततो. आजोबांनी आईनं शिकवलं तेच केलं. पण कॅमेऱ्याच्या आत, जिथं फोटो उमटतो त्या सेन्सरवरच्या नखाएवढ्या काचेवर पाणी ओतून ती धुता येत नाही. ओल्या कापसानं राख निघत नाही, चिखल होतो, आणि तो वाळला की घट्ट बसतो.

माझं बोलून होईपर्यंत ते मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी मित्सुएबद्दल सांगितलं.

मित्सुए त्यांची बायको. दीड वर्षापासून टेकडीमागच्या वृद्धाश्रमात आहे. माणसांची नावं विसरते, कधी कधी यांचंही. डोंगर मात्र विसरली नाही. ती बेटावरच्या गावात वाढलेली. रोज सकाळी धुराकडे बघून घराचा दिवस ठरवायचा, आज खिडक्या उघड्या की बंद, कपडे आत की बाहेर, ही तिची लहानपणापासूनची सवय. वृद्धाश्रमाच्या खिडकीतून नुसतं बांबूचं बन दिसतं. म्हणून आजोबा रोज आठ वाजता धक्क्यावरून डोंगराचा एक फोटो काढतात आणि दुपारी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवतात. ऑगस्टमध्ये त्यांनी धक्क्यावरच, राख पडत असताना, लेन्स बदलली. तेव्हापासून फोटोतल्या आभाळात काळे ठिपके येतात.

"ती ठिपके बघते आणि म्हणते, राख पडतेय, खिडकी लावा. वारा फिरला तरी तेच. डोक्यावर टॉवेल घेऊन अंधारात पडून असते. नर्सनं खिडकी उघडली तर रडते."

मी म्हटलं, तुम्ही समजावून सांगत का नाही?

"सांगतो की. ती म्हणते, अहो, फोटो खोटं बोलतो की तुम्ही?" त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "बोटीवरून उतरून दारूच्या दुकानात जायचो आणि घरी बोट उशिरा सुटली म्हणून सांगायचो. त्यामुळे मला फार बोलता येत नाही."

मी हसले, ते हसले नाहीत. त्यांना एवढंच हवं होतं की तिनं पुन्हा खिडकी उघडू द्यावी.

मी आधी बॅटरी पूर्ण भरली. मग लेन्सचं तोंड होईल तितकं बारीक करून दुकानामागच्या गल्लीत आभाळाचा फोटो काढला. धूळ पकडायची तर कोरं आभाळ लागतं. मी रोज आभाळाचे फोटो काढते आणि आभाळाकडे कधी बघत नाही, असा माझा धंदा. त्या दिवशी मात्र बघितलं. वर निळंशार होतं, चादरी हलत होत्या. हातातल्या पडद्यावर त्याच आभाळात राख पडता पडता थांबली होती, आणि खाली ओल्या कापसाचा करडा पट्टा धुरासारखा पसरला होता. सगळं गाव शरदात आलं होतं आणि या डबीत ऑगस्ट अडकून बसला होता. क्षणभर खरं कुठलं तेच मला कळेना.

आत येऊन दार लावलं, पंखा बंद केला, खोलीतली धूळ खाली बसावी म्हणून ओला टॉवेल टांगला. कॅमेऱ्यातला आरसा वर उचलून ठेवला. मध्येच बॅटरी संपली तर तो आरसा आत घातलेल्या पुसायच्या काडीवर आपटतो, म्हणून बॅटरी आधी भरायची. मग कॅमेरा पालथा धरून रबरी पंपानं हवा मारली. तोंडानं कधी फुंकायचं नाही, थुंकी उडते. खाली पसरलेल्या काळ्या कापडावर बारीक कण पडले.

भिंगातून बघितलं की ती काच संध्याकाळच्या खाडीसारखी दिसते, थोडी हिरवी, थोडी जांभळी. तिच्यात राखेची ती बेटं. मी श्वास हळू केला. घड्याळाचा आवाज लांब गेला. चिकट टोकाच्या काडीनं एकेक बेट वरच्यावर टिपून घेतलं. सुटा कण उरला नाही याची खात्री झाल्यावर मऊ पट्टीवर द्रवाचे दोन थेंब घेतले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच हात फिरवला आणि पट्टी फेकली. वापरलेली पट्टी परत फिरवायची नाही. करडा धूर गेला, खाडी निवळली.

एक कण उरला. फोटोत वर दिसतं ते आत खाली असतं, तसा हा अगदी खालच्या कडेला, वाळलेल्या पाण्यानं चिकटलेला. दोनदा टिपला, हलला नाही. जोर केला असता तर कदाचित निघाला असता. कदाचित सबंध काचेवर रेघ ओढत गेला असता, आणि ती रेघ रोजच्या फोटोत राहिली असती. मित्सुएच्या डोक्यावरचा टॉवेल माझ्या डोळ्यांपुढे आला आणि हात पुढं गेला. मग मी काडी खाली ठेवली.

आजोबांना स्पष्ट सांगितलं की फोटोत डाव्या कोपऱ्यात वर एक ठिपका राहील, त्याला मी हात लावणार नाही. त्यांचा चेहरा पडला.

"तिच्या नजरेतून काही सुटत नाही," एवढं म्हणून ते गेले.

दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. मी भित्रेपणा केला की शहाणपणा, हेच ठरेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले, या वेळी खोका नव्हता, नुसता कॅमेरा. पडदा माझ्यापुढं धरला. डोंगर स्वच्छ, धूर पलीकडे कललेला, कोपऱ्यात तो एकटा ठिपका.

"काल बराच वेळ बघत होती," ते म्हणाले. "मग बरोबर त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. तर म्हणाली, एवढी तर रोजच पडते, एवढ्यासाठी कोणी खिडकी लावतं का? आणि अहो, वारा फिरलाय, कपडे अजून घरात कशाला ठेवलेत?"

मी खुर्चीत बसले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

त्यांनी पडद्यावर पुढचा फोटो आणला. त्यांच्या घरामागची दोरी होती. तिच्यावर बायकांचे कपडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फुलांचा ॲप्रन, निळा उन्हाळी किमोनो, लोकरीचं जाकीट, मोज्यांच्या जोड्या.

"आज सकाळी वाळत घालायला माझी दोन बनियनं होती. तिला काय दाखवणार? म्हणून तिचं कपाट रिकामं केलं."

तिनं ओळखले का, मी विचारलं.

"नाही. म्हणाली, कुणाची बाई आहे, चांगली नीटस दिसते. तिला म्हणावं, चारच्या आधी कपडे आत घे, संध्याकाळच्या वाऱ्याचा भरवसा नाही."

उघड्या खिडकीपाशी तिला झोप लागली होती, असं त्यांनी सांगितलं. कॅमेरा टॉवेलात गुंडाळला, माझ्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. कपडे काढायचेत म्हणाले, आणि घाईघाईनं निघाले.