अठरावा महिना

…कापसाचा बोळा तेजूच्या कोपराच्या खळगीत नीट बसतच नव्हता. चिकटपट्टीच्या एका टोकाला तिनं नख लावलं होतं, आणि मधोमध उमटलेला रक्ताचा ठिपका – ज्वारीच्या दाण्याएवढा, कडेनं काळपट होत चाललेला – शिवगंगा केव्हापासून बघत होती. एवढंसं रक्त. त्यात कोण कोण आहे ते आता दारापलीकडं कुणीतरी बघत असेल.

"ओढू नको, बाई," ती पुटपुटली आणि तेजूचा हात तिनं आपल्या मुठीत धरला. बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या बाकावर आणखी दोघंतिघं बसली होती; कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

आज तेजूला दीड वर्ष पुरं झालं होतं. कावेरीची पोर – शिवगंगेच्या धाकट्या बहिणीची. कावेरीचा नवरा ट्रक चालवायचा. तो झिजून झिजून गेला तेव्हा कावेरीला पाचवा महिना होता, आणि मग इथंच तिचं रक्त तपासलं गेलं. तिच्यातही एड्सचा तोच दोष निघाला. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी सांगितलं, अंगावरचं पाजू नका. कावेरीनं ऐकलं… छातीत दूध दाटून दगड झालेला, पदर भिजलेला, आणि ती भिंतीकडं तोंड करून पडलेली – "अक्का, तूच पाज तिला वाटीनं. मला बघवत न्हाई. पर हितंच बसून पाज." बघवत नाही आणि हितंच बस… शिवगंगा बसली होती. चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून जपून, थेंब थेंब.

पोर सहा महिन्यांची झाली आणि कावेरी गेली. तिच्या सासरच्यांनी पोरीचं रक्त खाजगीत तपासून घेतलं, आणि कागद हातात पडल्यावर तिसऱ्या दिवशी सासू रतनबाई मांजरसुंब्याला, शिवगंगेच्या नवऱ्याच्या, केदारनाथच्या किराणा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पोर फडक्यात गुंडाळलेली. "तुमची हाय, तुमीच संभाळा. हिच्यातबी तेच निघालंय. आमाला आता आणखी एक मरण बघायचं न्हाई." केदारनाथ उठला, गल्ल्याशेजारचा तराजू उचलून त्यानं खाली ठेवला आणि तिथं पोरीला जागा केली. बारा वर्षांच्या संसारात त्या दोघांना मूल नव्हतं.

तोच कागद घेऊन ती त्या आठवड्यात इथं आली होती. रक्त तपासणारे गहिनीनाथ – उतारवयाचे, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेले – कागद बराच वेळ बघत राहिले होते.

"ताई, ही तपासणी जंतू बघत न्हाई," ते म्हणाले. "जंतूशी झगडायला अंग काहीतरी तयार करतंय, प्रतिद्रव्य म्हणतेत त्याला. तपासणीला तेवढंच दिसतं. आन् आईच्या अंगातलं ते पोटातल्या लेकराला मिळत असतंय. हिच्या रगतात दिसलं ते हिचं का हिच्या आईचं, हे आत्ता सांगता येत न्हाई."

"मग कवा कळंल?"

"दीड वर्षाची होऊ द्या. आईचं असंल तर तवर विरून जाईल. उरलं, तर मंग ते पोरीचं सवताचं."

केदारनाथनं त्यातलं 'विरून जाईल' तेवढं उचललं आणि घट्ट धरून ठेवलं. आणि शिवगंगेनं? ती तर 'आईचं' एवढंच घेऊन घरी आली… दुपारी चौकातली वर्दळ जराशी थांबायची, तेजू तिच्या छातीवर झोपी जायची, आणि पोरीच्या मानेच्या घामट वासात नाक खुपसून ती मनातल्या मनात बोलायची – कावे, तू हायस ना आत? थांब की गं थोडी. मी कुटं एवढ्यात जा म्हणले तुला… आणि पुढच्याच क्षणी तिच्या अंगावर काटा यायचा. काय मागतोय आपण? ती राहिली तर ही जाणार, आणि ही राहायची तर तिनं जायला हवं. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन ती पूजेला बसे, तेव्हा मागणं ओठांपर्यंत येऊन अडून राही. वर्षभर तिनं देवाकडं धड काही मागितलंच नव्हतं.

"या, ताई."

गहिनीनाथांनी आजचा कागद तिच्याकडं सरकवला. "काई न्हाई निघालं. पोरगी निरोगी हाय."

तिला ऐकू आलं. सगळं ऐकू आलं, आणि तिनं टेबलाची कड धरली. तेजू त्यांच्या चष्म्याचा दोरा पकडायला बघत होती.

"आन्… आईचं?"

"ते विरलं. तेच तर पायजे होतं."

"समदं?"

त्यांनी चष्मा काढला. "समदं, ताई. कावून इचारता?"

"काई न्हाई. उगंच."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. केदारनाथ दुकानातल्या फोनजवळ बसून असेल. ऐकल्यावर आत जाऊन तोंड धुऊन येईल. पण ही बातमी खरी जिला सांगायची… भिंतीकडं तोंड करून जिनं हिच्यासाठी दूध जिरवलं, ती पालीला होती, धरणाच्या अलीकडं, लिंगायतांच्या रीतीनं सासरच्या रानात पुरलेली. जाता-येता शिवगंगा तिथं तेजूचं तोंड खिडकीकडं वळवायची. आज सांगायचं. काय सांगायचं? कावे, तुझी पोर वाचली. कावे, तू तिच्यात उरली नाहीस. दोन्ही एकाच दमात कसं सांगतात?

तेजू मांडीवर झोपली होती. शिवगंगा सवयीनं त्या चेहऱ्यात बहिणीला शोधू लागली. नाक तिचं, हनुवटी तिची… आणि उजव्या भुवईत केसांचा हा उलटा भोवरा? हा कावेरीचा नव्हता. बापाचाही नव्हता. हा केव्हा आला? ती वाकून बघत राहिली – बोट लावून, हळूच, पोर जागी होणार नाही असं. कुणाचाच नाही. हिचा.

मान वर केली तेव्हा बस घाट चढत होती. पाली केव्हाच मागं पडली होती.

ती अर्धवट उठली. मागच्या काचेतून धरणाच्या पाण्याची पट्टी तेवढी चमकली. रान, झाडं, काही वेगळं ओळखू येईना. आता जीव कासावीस होईल, आता अपराधी वाटेल, म्हणून ती थोडा वेळ वाट बघत राहिली. तसं झालं नाही. फक्त तहानेसारखं काहीतरी वाटलं. ते गेलेल्या बहिणीसाठी होतं की मांडीवरच्या या पोरीसाठी, हे तिला वेगळं काढता येईना, आणि तिनं ते काढायचा प्रयत्नही फारसा केला नाही.